बाबांच्या मेडिकल बोर्डाचा कागद वाचून द्याल का? (२०१२ ला फेटाळलेली डिसॅबिलिटी पेन्शन)

चाफेकळी_पेडणे

नमस्कार. चतुर्थीआधी माळा झाडताना बाबांची काळी लोखंडी ट्रंक खाली काढली. आत गणवेशाचा पट्टा, कारगिलच्या वेळचे दोन फोटो आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मोठ्या भावाला वाटलं जुनी बिलं असतील, तो टाकायलाच निघाला होता.

बाबा तोफखान्यात होते. १९८७ ला भरती, २०११ ला हवालदार म्हणून निवृत्त, चोवीस वर्षं पूर्ण. साधी पेन्शन नियमित मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिशवीत निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची (लष्करी डॉक्टरांच्या तपासणी समितीची) प्रत आहे. व्याधी: प्रायमरी हायपरटेन्शन (उच्च रक्तदाब). अपंगत्वाची टक्केवारी ३०, आयुष्यभरासाठी. 'सेवेमुळे झाली का?' नाही. 'सेवेमुळे बळावली का?' नाही. कारणाच्या रकान्यात एकच ओळ, की व्याधी शांत क्षेत्रात उद्भवली, सेवेच्या ताणाशी संबंध नाही. त्याला जोडून २०१२ चं एक पत्र: दावा नामंजूर, सहा महिन्यांत अपील करू शकता. बाबांनी अपील केलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "म्हाका भीक नाका."

मला एवढंच विचारायचंय की तेरा वर्षांनी यात काही करता येतं का? आणि कागद वाचायचा कसा? मी शाळेत गणित शिकवते, लष्करी भाषा मला कळत नाही.

वाळपईवालो

ताई, केस जिंकलीच समजा! सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल (२ जुलै २०१३) शोधा. भरतीच्या वेळी माणूस ठणठणीत असेल, कागदावर आजाराची नोंद नसेल, तर नंतर जे झालं ते सेवेमुळेच झालं असं धरायचं. सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. संपला विषय.

सिंगल_माल्ट

ब्लडप्रेशर कुणाला नाही हो? आमच्या शेजारचे बँक मॅनेजर गोळी घेऊनच जन्माला आल्यासारखे आहेत, त्यांनाही द्या पेन्शन. राग मानू नका. पण सीमेवर पाय गमावलेला जवान आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी बीपी-शुगर लावून घेणारे साहेब एकाच रांगेत उभे राहतात याची चीड येते. कॅगच्या २०२३ च्या अहवालातही डिसॅबिलिटी घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त निघालं होतं.

हेडक्लार्क_साखळी

मी सव्वीस वर्षं पलटणीच्या ऑफिसात कारकुनी केली. असे शेकडो बोर्ड माझ्या टेबलावरून गेले. काही मीच टाईप केले. तेव्हा कारणाच्या रकान्यातली ओळ आपण मुकाट्याने उतरवतोय याचं काही वाटत नसे. आता वाटतं.

वाळपईच्या भाऊ, उत्साह चांगला आहे, पण असा कागद न बघता निकाल लावू नका. धरमवीर सिंगचा खटला १९८२ च्या नियमांवरचा आहे. ताईंचे वडील २०११ ला बाहेर आले, म्हणजे त्यांना २००८ चे नियम लागतात. त्यांतून 'सेवेमुळेच झालं असं धरा' हे गृहीतक काढून टाकलेलं आहे. सरकारी वकील उभा राहिला की पहिलं वाक्य हेच बोलतो. त्याला उत्तर आहे, पण ते नुसतं 'धरमवीर' म्हणून भागत नाही. ते पुढे सांगतो.

सिंगल माल्ट साहेब, तुमचा राग मला समजतो. मीही चाळीस इंची पोट घेऊन बोर्डाला जाणारे पाहिले आहेत. पण त्यांच्यामुळे या माणसाचा कागद न वाचता फाडायचा का?

आता ताई, कागद असा वाचा. टक्केवारी शेवटी बघायची. आधी तीन गोष्टी शोधा. व्याधीची पहिली नोंद कोणत्या तारखेची आणि कुठली. त्या तारखेला, आणि त्याआधी किमान सहा-आठ महिने, वडील कुठे होते. आणि बोर्डाला जोडलेला विशेषज्ञ डॉक्टरचा अभिप्राय, म्हणजे हाताने लिहिलेलं, न वाचता येणारं एक पान असतं ते. पोस्टिंग डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकात, सापडेल. वजनाच्या नोंदीही लिहून द्या, भरतीच्या वेळचं आणि बोर्डाच्या वेळचं.

चाफेकळी_पेडणे

काका, खूप आभार. काल रात्री भिंग घेऊन बसले.

पहिली नोंद ११ डिसेंबर २००६, राजस्थानातल्या छावणीत, वार्षिक तपासणीत. म्हणजे सीमेवरच्या तैनातीबाहेरचं शांत क्षेत्रच. हे वाचून मी खट्टू झाले होते.

पण डिस्चार्ज बुकाप्रमाणे मे २००४ ते ऑक्टोबर २००६ बाबा काश्मीरमध्ये ताबारेषेजवळच्या उरी भागात होते, म्हणजे फील्डमध्ये. राजस्थानात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. आणि ते न वाचता येणारं पान मी शेवटी माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईकडून वाचून घेतलं, ती औषधाच्या दुकानात असते. त्यात लिहिलंय, "पाच महिन्यांपासून अधूनमधून डोकेदुखी व चक्कर."

डिसेंबरमधून पाच गेले की जुलै. जुलैत बाबा उरीतच होते ना?

वजन भरतीला ५४ किलो, बोर्डाच्या वेळी ६६. सिगारेट नाही. दारूच्या रकान्यात 'क्वचित'.

हेडक्लार्क_साखळी

गणिताच्या बाई, तुम्ही केस सोडवलीत. बोर्डाने नोंदीची तारीख धरली आणि त्रासाची तारीख सोडून दिली. स्वतःच्याच फायलीतलं पान त्यांनी उलटलं नाही.

डॉ_म्हापसा

थोडं वैद्यकीय बोलतो. मी लष्करात नव्हतो, खाजगी दवाखाना आहे.

उच्च रक्तदाब बहुतेक वेळा मुका असतो. तो सुरू झाला तो दिवस कोणीच सांगू शकत नाही, ज्याला होतो तोही नाही. कागदावर येते ती तारीख फक्त कोणीतरी पट्टा बांधून पारा बघितल्याची. त्यामुळे 'शांत क्षेत्रात उद्भव' हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या लटकं आहे. फार तर 'शांत क्षेत्रात आढळला' असं म्हणता येईल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रायमरी म्हणजे ज्याचं एकच एक कारण सापडत नाही असा. घराण्यात असेल, मिठाचं खाणं असेल, वय असेल. वडिलांच्या आईवडिलांना होता का हे बोर्डाने विचारलेलं असतं, तो रकाना बघा. तिथे 'होय' असेल तर समोरचा वकील तेच धरून बसेल. डोकेदुखीवरही फार भिस्त ठेवू नका, रक्तदाबाच्या सगळ्याच रुग्णांना ती होत नाही आणि डोकेदुखीची कारणं पन्नास असतात. पुरावा म्हणून त्या पाच महिन्यांमधली मोजलेल्या दाबाची एखादी नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं.

चाफेकळी_पेडणे

कौटुंबिक इतिहास: 'नाही'. आजी ब्याण्णव वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत खारातली सुंगटं खात होती.

सिग्नलवालो

मी दोडामार्गाकडचा, आता फोंड्यात. उरी काय आहे ते सांगतो, कारण इथे 'फील्ड' म्हटलं की लोकांना पिक्चरातला गोळीबारच आठवतो. २००३ च्या नोव्हेंबरनंतर ताबारेषेवर शस्त्रसंधी होती, तोफा बऱ्यापैकी शांत. म्हणून काय ताण नव्हता? रात्रीची झोप तीन तुकड्यांत. महिनोन् महिने घुसखोरीची वाट बघणं. घरून फोन येतो, पावसात कौलं गेली, आणि तुमची रजा मागच्याच आठवड्यात नामंजूर झालेली. त्यात ८ ऑक्टोबर २००५ चा भूकंप. उरी आणि तंगधारला काय झालं होतं ते आम्ही पाहिलंय. आपले बंकर बसले, आपली माणसं गेली, आणि त्याच दिवसापासून गावातली प्रेतं काढायचं काम. ताई, वडिलांना त्याबद्दल विचारू नका. सांगितलं तर ऐका.

आणि 'भीक नाका' म्हणाले ते बरोबरच. पण ही भीक नाही म्हणावं. रंगरूट असताना सही केली ना, त्याच कागदाचा हा दुसरा भाग.

सिंगल_माल्ट

भूकंपाचं माहीत नव्हतं. माझा मुद्दा सरसकट होता, या केसला लागू नाही. मागे घेत नाही, बाजूला ठेवतो.

प्रश्न: ३० टक्के म्हणजे नक्की किती पैसे? आणि तेरा वर्षांची थकबाकी एकदम? तसं असेल तर सरकारचं दिवाळं निघेल.

हेडक्लार्क_साखळी

निघत नाही दिवाळं. सांगतो.

पूर्ण १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के एवढा डिसॅबिलिटीचा घटक मिळतो, खाली त्या प्रमाणात. समजा हिशेबाला धरायचं वेतन ३६,००० आहे. १०० टक्क्यांना १०,८००. ३० टक्क्यांना ३,२४०. पण इथे राउंडिंग आहे, आम्ही त्याला ब्रॉडबँडिंग म्हणतो. ५० च्या खालचं ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००. म्हणजे ३० चे ५० झाले, रक्कम ५,४००, वर महागाई. हे ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रात फक्त बोर्ड आउट झालेल्यांसाठी, म्हणजे आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलेल्यांसाठी, होतं. मुदत पूर्ण करून घरी आलेल्यांनाही ते लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार खटल्यात सांगितलं. ताईंचे वडील त्यात बसतात. अट एकच, मूळ टक्केवारी २० च्या खाली नको.

थकबाकी तेरा वर्षांची नाही. तरसेम सिंग निकाल, २००८. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून उशीर झाला तरी दार बंद होत नाही. पण मागचे पैसे दावा लावल्याच्या आधीच्या तीनच वर्षांचे. बाकी दहा वर्षं पाण्यात. 'भीक नाका'ची किंमत. वडिलांना हे सांगू नका.

आता ते २००८ च्या नियमांचं राहिलेलं. १ जुलै २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या जवळजवळ तीनशे याचिका एकदम फेटाळल्या. सगळ्या अशाच, ट्रिब्युनलने (सैनिकांचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) दिलेली डिसॅबिलिटी पेन्शन काढून घ्या म्हणणाऱ्या. त्यात स्पष्ट केलंय की २००८ चे नियम लागू असले तरी नाही म्हणायचं ओझं बोर्डावरच आहे. सेवेशी संबंध नाही असं म्हणायचं तर का नाही ते लिहा, आणि सेवेमुळे नाही तर कशामुळे ते सांगा. नुसतं 'शांत क्षेत्र' किंवा 'राहणीमानाचा आजार' लिहून चालत नाही. शांत क्षेत्रातली सेवाही सेवाच. त्याआधी मार्चमध्ये त्याच कोर्टाने मधुमेहाच्या एका खटल्यात असंच म्हटलं होतं. वकील मंडळी त्याला 'गवस' निकाल म्हणतात. आडनाव वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं, आपल्याकडचंच की! आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजुमोन खटल्यात, तो मानसिक आजाराचा होता, कारणं न देणाऱ्या बोर्डाच्या मताला काही अर्थ नाही असं म्हटलं.

दिल्लीचा निकाल मुंबईच्या ट्रिब्युनलवर बंधनकारक नाही, पण वजन आहे. सुप्रीम कोर्टाचा आहेच. तुमचा कागद मात्र त्याहून पक्का, कारण तुम्हाला शांत क्षेत्राचा वाद घालायचाच नाही. तुमचं म्हणणं एवढंच, की जुलैत त्रास सुरू झाला आणि जुलैत माणूस उरीत होता.

वाळपईवालो

काका, माझ्या मामाचं बोर्ड २०२४ चं आहे, मग हेच सगळं लागू ना?

हेडक्लार्क_साखळी

नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत, मामांना ते लागतील. वेगळा धागा काढा, इथे घोळ नको.

चाफेकळी_पेडणे

पुढे करायचं काय? इथे एका ओळखीच्यांनी एजंट सुचवलाय. तो 'सगळं करून देतो' म्हणतो, थकबाकीतले चाळीस टक्के घेतो आणि आधी कोऱ्या कागदावर बाबांच्या सह्या मागतो.

सिग्नलवालो

कोऱ्या कागदावर सही?? ताई, पळा.

हेडक्लार्क_साखळी

कोऱ्या कागदावर तर मी माझ्या सीओ साहेबांनाही सही दिली नव्हती.

क्रम असा. पहिलं, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, वडिलांच्या नावाने आणि सहीने. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आहे. मागायचं काय? भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, बोर्डाची सगळी पानं, पोस्टिंगचा पूर्ण तपशील, आणि उरीच्या काळातले आजारपणाचे रिपोर्ट. शेवटचं विसरू नका, डॉक्टरसाहेब म्हणतात ती मोजलेली नोंद तिथेच असेल, असली तर. जुने कागद मुदत संपली की जाळून टाकतात, म्हणून आजच.

दुसरं, पहिलं अपील. उशीर का झाला ते खरं खरं लिहायचं. माणूस साधा होता, पत्र इंग्रजीत होतं, कोणी समजावलं नाही. उगाच आजारपणाची गोष्ट रचू नका. अपील फेटाळलं तर ट्रिब्युनल. सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही तरीही ट्रिब्युनल, कायद्यात तशी सोय आहे. गोव्याला मुंबईचं बेंच लागतं. वकील लागेल, पण टक्क्यांवर नको, ठरलेल्या फीवर. पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात आधी एक चक्कर मारा, निदान अर्जाचा मसुदा तरी कोणी बघेल.

आणि एक विचारतो. तोफखाना, चोवीस वर्षं, कारगिल. वडिलांचे कान कसे आहेत?

चाफेकळी_पेडणे

काका, हे तुम्हाला कसं कळलं? टीव्ही इतका मोठा लावतात की पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू आम्हालाच ऐकू येत नाही. डावा कान जवळजवळ गेलाय. बोर्डात मात्र कानाच्या रकान्यात 'सामान्य'.

मी बाबांना विचारलं. म्हणाले, नायक असताना डॉक्टर मागे उभे राहून पुटपुटत, ते काय म्हणतात ते पुढच्याचं ऐकून पाठ करून ठेवायचं. खालची मेडिकल कॅटेगरी लागली असती तर हवालदारकी गेली असती. सगळेच करायचे, म्हणे.

हेडक्लार्क_साखळी

करायचे. मला माहीत होतं, आणि आमच्या सुभेदार साहेबांनाही.

कानाचं या दाव्यात घालू नका. बोर्डात जे नाही ते अपिलात घुसवलं तर जे आहे तेही संशयात येतं. सेवेनंतर पुढे आलेल्या व्याधीचे नियम आणि मुदती वेगळ्या आहेत. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून) कानाची तपासणी करून घ्या, मशीन बसवून घ्या, ते त्यांच्या हक्काचंच आहे.

डॉ_म्हापसा

सहमत. आणि रक्तदाबाची गोळी कृपया रोज. निकाल लागेपर्यंत माणूस टिकला पाहिजे.

चाफेकळी_पेडणे

*(साडेतीन महिन्यांनी)*

धागा वर आणतेय. माहिती अधिकाराचं पहिलं उत्तर अर्धवट आलं, बोर्डाची पानं आणि पोस्टिंग. आजारपणाचे रिपोर्ट 'उपलब्ध नाहीत'. त्यावर काकांनी सांगितल्याप्रमाणे माहिती अधिकारातलं अपील केलं, तेव्हा आणखी चार पानं निघाली. तीन दातदुखीची आणि पायातल्या कुरूपाची. चौथं १९ ऑगस्ट २००६ चं, युनिटच्या एमआय रूममधलं (पलटणीच्या दवाखान्यातलं): डोकं जड, बीपी १५२/९८, दोन दिवस विश्रांती, परत दाखवायला यावे. परत दाखवल्याची नोंद नाही. बाबा म्हणतात दोन दिवसांची विश्रांतीही मिळाली नव्हती, पण ते कागदावर नाही.

डॉक्टर, एकच मोजणी आहे, पुरेल का माहीत नाही. पण आहे.

पोस्टिंगच्या तक्त्यात एक घोळ निघाला. डिस्चार्ज बुकात उरी सोडल्याची तारीख ऑक्टोबर आहे, यांच्या तक्त्यात सप्टेंबर. ऑगस्ट दोन्हीकडे फील्डच, म्हणून काकांच्या सांगण्यावरून दोन्ही जोडले आणि फरक स्वतःच लिहून टाकला.

अपील सोमवारी पेडणे पोस्टातून स्पीड पोस्टाने गेलं. बाबा सही करायला तयार नव्हते. मग सिग्नलवाल्या दादांचा तो 'रंगरूट असताना सही केली' वाला प्रतिसाद मी मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणाले, मला तसं वाटत नाही. सही केली. भूकंपाबद्दल मात्र काही बोलले नाहीत, नुसते उठून पोरसात गेले आणि माडाच्या आळ्यात पाणी सोडत बसले.

सिंगल_माल्ट

१५२/९८. ठीक आहे, बाजूला ठेवलेला मुद्दा या धाग्यापुरता मागे घेतो.

सिग्नलवालो

बाबांना सलाम सांगा. फोंड्याला आलात तर घरी या.

हेडक्लार्क_साखळी

पोचपावतीची तारीख वहीत लिहा आणि तिथून सहा महिने मोजा, तो दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. सगळ्या कागदांच्या तीन प्रती. मूळ प्रत परत त्या लोखंडी ट्रंकेत ठेवू नका, पेडण्याच्या पावसात ट्रंकेला खालून गंज धरतो आणि पहिलं पान तेवढंच चिकटतं.